गाल पुढं कर

आमच्या आत्या कापडाच्या दुकानात शिरल्या की आधी कापडाकडे बघत नसत, माझ्या गालाकडे बघत. "पावडर पुस ती," असा हुकूम सुटायचा. मी मुकाट्यानं पदरानं गाल पुसून पुढं करायची. मग आत्या ताग्याचं टोक ओढून ते माझ्या गालावर असं घासायच्या, की बघणाऱ्याला वाटावं बाई तांब्याचा हंडा चिंचेनं उजळतेय.

या माझ्या आतेसासूबाई, दिघाशीच्या. गावभर त्यांना फलालीनआत्या म्हणत. नात्यात कुणाला दिवस गेल्याची कुणकुण लागली, की दिघाशीहून एसटीनं आत्या भिवंडीत हजर. बाळाचं दुपटं आणि गोधडी त्यांच्याच हातची, आणि वरखाली दोन्हीकडे मऊ लवेचं फलालीनच. ते फलालीन निवडायला मात्र घरातल्या तीन सुनांपैकी त्या मलाच न्यायच्या. मी नवी नवरी, शिष्ट, दिवसातून चारदा आरसा बघणारी. आत्या माझ्या मऊ गालांवर भाळल्यात अशी माझी खात्रीच. माहेरी धाकटीला मी हे मान वेळावून सांगितलंही. एकदा राहवलं नाही म्हणून आत्यांनाच विचारलं.

"बाय," त्या म्हणाल्या, "थोरलीचा गाल चामड्याचा हाय. गोनपाट घासलं तरी तिला कलायचं न्हाय. मधली ओरडते. तुला कसं, वाईट कापड लागलं की लगेच पुरळ येतं. म्हणून तुला आनते."

आठवडाभर मी आरशाकडे फिरकले नाही.

भिवंडीत कापडाला तोटा नाही. आमच्या गल्लीत तर लूमच्या खटखटाटात पाळण्यातली पोरं झोपायची आणि लाइट गेली की दचकून उठायची. पण आत्यांचा कुठल्याच कापडावर पटकन विश्वास बसत नसे. "डोले रंगाला भुलतात, बोटं खलीला भुलतात. गाल भुलत न्हाय," हे त्यांचं शास्त्र. गालानं पास केलं तरी पुढच्या परीक्षा असायच्याच. कापड मुठीत चुरगाळून काळ्या छत्रीवर झटकायचं; पांढरी भुकटी पडली की समजायचं, जाडी सगळी खळीची. अंगठ्यानं एकाच जागी घासायचं; लवेचे गोळे झाले की तागा परत. मग उजेडासमोर धरायचं, पलीकडचा माणूस ओळखू आला की बाद. शेवटी रंग जातो का ते ओला रुमाल चोळून बघायचं. रुमाल नेहमी दुकानदाराचा.

दुकानदार म्हातारे चाचा होते. त्यांचा पांढराशुभ्र रुमाल गुलाबी झाला तेव्हा ते कळवळून म्हणाले, "आपा, कपडा खरीदना है या कपडे से निकाह पढवाना है?"

"चाचा, निकाह में तीन बार पूछते ना?" आत्या म्हणाल्या. "मैं तो अब्बी दो बारच पूछी!"

चाचा हसता हसता गादीवर आडवे झाले आणि आत्यांनी तेवढ्यात दुसऱ्या टोकानं रुमाल पुन्हा भिजवला.

कापडाबाबत आत्या चुकत नसत. माणसाबाबत मात्र एकदाच चुकल्या आणि ते त्यांना फार लागलं. लेकीला बघायला आलेल्या मुलाच्या शर्टाचं कापड त्यांनी हळूच चिमटीत धरून पाहिलं आणि माजघरात येऊन सांगितलं, "एक नंबर. देऊन टाका." लग्नानंतर कळलं, शर्ट त्याच्या मित्राचा होता. जावई तसा बरा निघाला, फक्त खाटेवरून उठत नसे. तेव्हापासून आत्यांनी कानाला खडा लावला. धुतल्याशिवाय कशावरच मत द्यायचं नाही, कापडावर नाही आणि माणसावरही नाही.

नेमकं त्यानंतर माझं लग्न ठरत होतं. मला बघून झाल्यावर सासऱ्यांनी बहिणीला विचारलं, "पोरगी कशी वाटली?" पडद्याआड मी कान टवकारून उभी. आत्या म्हणाल्या, "आजून धुतलं न्हाय."

एवढंच! पुढं दर दिवाळीला मी लाडात येऊन विचारायची, "आत्या, आता तरी सांगा ना, मी कशी?" त्या चकलीचा तुकडा मोडत म्हणायच्या, "वाईच थांब."

त्या मताची मला इतकी भूक, की मला दिवस गेले तेव्हा ठरवलं, आपणच कापड आणून आत्यांना गार करायचं. वज्रेश्वरीला गेले असताना पिवळ्या बदकांचं जाडजूड फलालीन आणलं. गालाला लावायचं विसरले, कारण बदकं फार गोड हसत होती. आत्यांनी ते हातातही घेतलं नाही. "धू," म्हणाल्या.

धुतलं. खळ गेली आणि कापडातून समोरच्या घरातली घागर दिसायला लागली. लांबी वीतभर आटली. लवेचे असे गोळे आले, की सगळ्या बदकांना गोवर झालाय असं वाटावं. आत्या हसून हसून मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या. मी रडतेय हे बघून डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. त्या बदकांनी पुढं नवऱ्याची सायकल पुसली. आत्यांनी आणलं ते भुरकट बिस्किटाच्या रंगाचं, एकदम नीरस फलालीन. त्या गोधडीत माझी पोरं वाढली, आणि दर धुण्याला ती जास्तच मऊ होत गेली.

माझ्या पहिल्या नातवाच्या वेळी आत्या अंथरुणाला खिळल्या होत्या. दिसत फारसं नव्हतं. तरी निरोप आला, "कापड माझ्याकडं आन." मी चाचांच्या मुलाकडून चार तुकडे घेऊन दिघाशीला गेले. पहिला तुकडा त्यांच्या हातात दिला आणि सवयीनं गाल पुढं केला. आत्यांनी घासला. थांबल्या. तुकडा बाजूला टाकून नुसत्या तळव्यानं माझा गाल चाचपू लागल्या.

"ह्याला आता कसलं पुरळ येतंय!" त्या खुसखुसल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आटलीस गं थोडी. पन रंग न्हाय गेला. गोलं बी न्हाय आलं."

"म्हणजे पास का, आत्या?"

"झोपू दे मला."

महिनाभरानं त्या गेल्या. दुपटं मीच शिवलं, टाके जरा वाकडेच.

त्या दुपट्यातल्या नातवाची बायको परवा फोन घेऊन माझ्याजवळ बसली. तिला पाचवा महिना. "आजी, हे फलालीन मागवू? सशांचं आहे, किती क्यूट!"

"फोनला गाल लाव," मी म्हटलं.

तिनं खरंच लावला! अशी ही गुणी पोर. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन बाजारात गेले. चाचांचा नातू गल्ल्यावर होता. मला बघताच त्यानं रुमाल खिशात लपवला. मी पोरीची पावडर पुसली आणि तागा ओढला. गाल लाल करून घेत ती हसत म्हणाली, "आजी, कापडाचं कळलं. पण मी कशी आहे, ते एकदाही सांगितलं नाहीत तुम्ही."

ती कशी आहे, ते मला ती उंबरा ओलांडून आली त्याच दिवशी कळलं होतं. ओठांवर आलंही होतं. मग एकदम लक्षात आलं, की आत्यांनाही तेव्हाच कळलं असणार! लबाड कुठल्या.

"अजून धुतलं नाही," मी म्हणाले. "दुसरा गाल पुढं कर."