मावशींचा अंगठा, माझा नंबर

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. गेल्या वर्षी एका कार्यशाळेत तासभर ठासून बोललो, की आपली डिजिटल ओळख कुणा एकाच्या मोठ्या कपाटात कशाला ठेवायची? ती ज्याची त्याच्याकडे असावी आणि समोरच्याला हवी तेवढीच दाखवावी. टाळ्या पडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! कारण आमच्या समोरच्या घरातल्या मावशींची ओळख तेव्हा माझ्या मोबाईल नंबरावर टांगलेली होती.

शहराच्या पूर्व भागातल्या, विडी कामगारांच्या आमच्या गल्लीत ही रीतच आहे. आधार कार्ड काढताना मोबाईल नंबर शिकलेल्या शेजाऱ्याचा द्यायचा. मावशी घरात तेलुगू बोलतात, जन्मभर विड्या वळतात. "तुमचाच टाका की, सर. मला कुटं वाचता येतंय," असं त्या म्हणाल्या आणि मीही ऐटीत माझा नंबर टाकला. पुढे चांगलं नेट मिळतं म्हणून मी तो नंबर सोडून नवा घेतला. बँकेला कळवलं, कॉलेजला कळवलं, दूधवाल्यालासुद्धा कळवलं. मावशींचं कार्ड आठवलंच नाही.

यंदा त्यांच्या मोतीबिंदूची तारीख मिळाली. दवाखान्यात आधी ओळख पटवायची होती. काउंटरवरच्या मुलीने मावशींचा अंगठा यंत्रावर ठेवला. ठसा उठला नाही. सगळी बोटं झाली. तेंदूच्या पानांनी आणि दोऱ्याने सगळ्या रेघा पुसलेल्या. डोळ्यांवर यंत्र धरलं, तर तिथे मोतीबिंदूच. "मग ओटीपी सांगा," मुलगी म्हणाली, आणि मला तो सोडलेला नंबर आठवला. एव्हाना तो दुसऱ्या कुणाला मिळालेला, म्हणजे ओटीपी कुणा परक्याच्या फोनवर वाजला असणार.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मागे रांगेत माझे दोन विद्यार्थी उभे होते. मी म्हणालो, "यांचे ठसेच उठत नाहीत. विड्यांनी बोटं झिजलीत." खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त वाईट. मावशी अंगठा पदराला पुसत राहिल्या. मुलीने तारीख पुढे ढकलली आणि आम्ही रिक्षाने परत आलो. वाटेत त्याच मला म्हणाल्या, "माज्यामुळं तुमचा दिवस गेला." मी रिक्षावाल्याला वळण दाखवलं. स्वतःची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती.

मावशींच्या कार्डावरचा नंबर बदलण्याची चौकशी मी गुपचूप सुरू केली. आधार केंद्रावर म्हणाले, आधी अंगठा आणा. मग परीक्षा, पेपर, हे आणि ते. महिना गेला.

परवा त्यांच्याकडे डोकावलो. एरवी विड्या वळताना मांडीवर असणारं सूप भिंतीला टेकवलेलं होतं. मावशींनी खोबरेल लावलेला अंगठा माझ्यापुढे धरला.

"बगा की, सर. मला न्हाय दिसत. रेगा आल्या का?"

मी तो हातात घेतला. गुळगुळीत होता. आता मात्र राहवलं नाही. नंबर माझा होता, मी तो सोडला आणि तुम्हाला सांगितलं नाही, चूक तुमच्या बोटांची नव्हती, असं सगळं एका दमात बोलून गेलो.

मावशींनी हात हळूच काढून घेतला. त्या सुपाकडे वळल्या.

"मग मी म्हयनाभर विड्या का बंद ठेवल्या, सर?"