आराम आहे का?

मी ब्रह्मपुरीकडची. शिकायला नागपूरला गेले तेव्हा माझ्या ‘मले-तुले’वर वर्गातल्या मुली फिदीफिदी हसायच्या. परत येऊन फिजिओथेरपीची खोली मांडली आणि त्याच बोलीचा मला तोरा चढला. बाहेरून आलेले डॉक्टर पेशंटशी पुस्तकी बोलतात, मी मात्र यांचीच, मला यांचं सगळं कळतं, असं चारचौघांत सांगत फिरायचे. गर्वाचं घर खाली, ते उगाच म्हणत नाहीत.

तलावाच्या पाळीवरून घसरून एका ढिवरभाऊंचा उजवा कोपर मोडला होता. प्लास्टर निघालं आणि ते माझ्याकडे आले. जाळं फेकणारा माणूस; जाळ्याचा अर्धा भार कोपरावर तोलून मगच ते पाण्यावर पसरायचं. कोपर हलता ठेवला नाही तर बघता बघता आखडतो, हे मला पाठ होतं. मी व्यायाम दाखवले, त्यांनी करून दाखवले. निघताना म्हणाले, “बाई, लय दुखते.” मी म्हटलं, “दुखलं तं थोडा आराम करा, भाऊ.”

गाव लांब, बस एकच. म्हणून दर सोमवारी मी फोन करायचा असं ठरलं. केलेही, कामचुकार म्हणून मला कोणी बोट दाखवू नये. “आराम आहे का, भाऊ?” मी विचारायचे. आमच्याकडे आजाऱ्याला असंच विचारतात, म्हणजे बरं वाटतंय का. “हो बाई, आरामच हाये,” ते म्हणायचे. मी वहीत ‘सुधारणा’ असं लिहून पुढचा फोन लावायचे.

दोन महिन्यांनी ते आले. कोपर काटकोनात गच्च.

“तुमी सांगतले तसा पुरा आराम केलो, बाई.” चेहऱ्यावर शाबासकी मागणारं हसू. “दर सोमवारी इचारत होत्या ना तुमी. हात जराही हालवलो नाई. आता जाळं फेकू ना?”

मी विचारत होते, बरं आहे का. त्यांना ऐकू येत होतं, हात स्वस्थ ठेवलाय ना. माझा शब्द पाळायला त्या माणसानं आपला हात गळ्यात बांधून ठेवला होता.

पुढे मी जिवाचं रान केलं. शेक, ताण, मोठ्या डॉक्टरांकडे चकरा. कोपर थोडा सैल झाला, पण हात तोंडापर्यंत काही पोचला नाही. जाळं त्यांच्या भावाकडे गेलं. मी माफी मागितली तर म्हणाले, “जाऊ द्या बाई, तुमी तं आठवणीनं फोन करत होत्या.” त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता मी कोणाला आराम विचारत नाही. काल कोणत्या हातानं जेवलात, वेणी कोणी घातली, असलं विचारते. बाई भोचक आहे म्हणतात. म्हणू देत. ही अक्कल मला दुसऱ्याचा हात घालवून आली.

परवा मार्कंड्याच्या जत्रेत ते पंगतीत दिसले. अगदी टोकाला, भिंतीकडे तोंड करून, डाव्या हातानं भात कालवत होते. मी नजर चुकवून निघणार, तेवढ्यात त्यांनीच पाहिलं. खरकटा हात पटकन पाठीमागे लपवला.

“काय बाई, आराम हाये ना?”

“हो भाऊ, आरामच आहे,” मी म्हणाले.