टेबलावरची वस्ती

मोहनकाकांनी मला दुकानात काम दिलं, वरची खोली दिली आणि परवा नकळत माझं घरही दाखवलं.

नववीत शाळा सोडून मी चंद्रपूरकडून पुण्यात आलो. मागं आमची रुळाकाठची वस्ती खाण वाढली तशी खोदली गेली. परतायला जागाच नाही.

काकांना छोट्या आगगाड्यांचा नाद. जुने फोटो पाहून त्यांनी टेबलावर कोळशाची रेल्वे मांडली होती. माझ्या हातात चहा देऊन त्यांनी बटण दाबलं. इंजिनानं शिट्टी दिली आणि मी झटकन कपावर तळहात ठेवला.

"काय रे, माशी पडली?"

आमच्याकडे शिट्टी झाली की जो तो खाणंपिणं झाकायचा. गाडीबरोबर काळी भुकटी यायची. आई आधी भातावर ताट ठेवायची, मग दार लावायची. मी हे पार विसरलो होतो, पण हात विसरला नव्हता. गाव असं हातात राहतं का?

मग नीट पाहिलं. पाण्याची टाकी, वाकडा पूल, पलीकडे घरांची रांग.

"काका, तिसरं दार आमचं."

काकांनी गाडी थांबवली. मग चिमटा उचलून म्हणाले, "उघडं ठेवू की बंद?"

"उघडं. गाडी गेलीय आता."

काकांनी ती जागा फक्त फोटोत पाहिली आहे. एक दिवस मी त्यांना खाणीच्या काठावर नेईन आणि खाली बोट दाखवून म्हणेन, काका, या, बसा, हे आमचं घर.