कबुतरांच्या आजीचा आवाज

ह्यांचा डबा भरून झाला होता, भेंडी चिरून ठेवली होती आणि मी दुसऱ्या चहाचं आधण ठेवत होते, तेवढ्यात दार वाजलं. बेल नव्हे, दार. तळहाताने तीनदा. वाशीच्या आमच्या सोसायटीत बेल असताना दार वाजवणारं एकच माणूस येतं, ते म्हणजे पावणे गावच्या गोजरामावशी. बेल कुरियरवाल्यांसाठी असते, असं त्यांचं म्हणणं.

लग्नानंतरची पहिली सहा वर्षं आम्ही त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. मला मासे साफ करायला त्यांनी शिकवलं आणि माझं पहिलं बाळंतपणही बरंचसं त्यांनीच निभावलं. आता अडुसष्टच्या आहेत, पण दोन जिने चढून आल्या तरी धाप नाही. त्या दिवशी मात्र आल्या आणि चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "पोरी, त्या कबुतरवाल्याला फोन लाव. मना त्याच्याशी बोलायचं हाय, पन तू बाजूला बस."

कबुतरवाला म्हणजे अभिराम. पावण्याच्या एमआयडीसीत एका गाळ्यात त्याचा स्टुडिओ आहे आणि मावशींची नात सुचिता तिथे साउंडचं काम करते. त्याने एक कार्टून सिनेमा केलाय, पण मुलांसाठी नाही. अठराच्या पुढच्यांसाठी, गाण्यांचा आणि चांगलाच वाह्यात. सोसायटीचा सेक्रेटरी बाल्कन्यांना जाळ्या लावतो आणि कबुतरं त्याच्याविरुद्ध बंड करतात, अशी गोष्ट. बंडाची पुढारी एक म्हातारी कबुतरीण. तिच्या आवाजासाठी तीन नट्या येऊन गेल्या, पण त्यांच्या शिव्या पाठ केल्यासारख्या वाटत होत्या म्हणे. तेव्हा सुचिता म्हणाली, माझी आजी आणते.

मावशी धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीला धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी, म्हणणारी बाई ती. तिने सुरुवात केल्याशिवाय हळदसुद्धा लागत नाही. यातलं काही कुठे लिहिलेलं नसतं. चौदाव्या वर्षी मावशी मुक्ताबाई नावाच्या म्हाताऱ्या धवलारणीच्या मागून शेतांच्या बांधांवरून या गावच्या मांडवातून त्या गावच्या मांडवात फिरल्या आणि ऐकून ऐकून सगळं शिकल्या. आता त्या बांधांच्या जागी गाळे आहेत. याच मावशी हळदीत विहिणीला उद्देशून जी गाणी म्हणतात, ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा नवी नवरी असलेली मी लाजून पाणी प्यायच्या निमित्ताने आत पळाले होते.

सिनेमाचा ट्रेलर दोन आठवड्यांपूर्वी फोनवर आला. सेक्रेटरीच्या टकलावर, गाडीवर आणि वाळत घातलेल्या झब्ब्यावर आपण काय काय करणार, हे मावशींची कबुतरीण त्यात गाऊन सांगते. मी खूप हसले, आणि मग आमचं दार नीट लागलंय ना ते बघितलं. त्यामुळे मावशी कशासाठी आल्यात ते मला कळलंच, असं मी धरून चालले. म्हटलं, मी बोलते त्याच्याशी. वयस्कर बाईच्या तोंडी असली भाषा घालायची म्हणजे काय?

मावशींनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यातच मी चुकल्याचं मला कळलं.

"शिव्यांचं नय गो. त्याच्या कागदावरच्या तर फिक्याच होत्या. दोन मी माझ्या पदरच्या घातल्या."

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. कुठलंही गाणं म्हणायच्या आधी धवलारीण नावं घेते. आधी गावदेवीचं, मग खाडीच्या बांधाचं आणि शेवटी जिच्याकडून शिकली तिचं, म्हणजे मुक्ताबाईंचं. गाणं विहिणीच्या शिव्यांचं असलं तरी नावं आधी. स्टुडिओतही मावशींनी तेच केलं. काचेपलीकडच्या मुलाने सांगितलं होतं, मी हात वर केला की सुरू करा. हात वर व्हायच्या आत त्यांनी डोळे मिटून, हळू आवाजात, आपल्यापुरती नावं घेतली. माइक चालू होता. अभिरामला ते इतकं आवडलं, की त्याने ते गाण्याला जोडून टाकलं. ट्रेलरमध्येही ते आहेच: कबुतरीण डोळे मिटते, गंभीर आवाजात गावदेवीला आणि मुक्ताबाईंना हाक मारते आणि लगेच शेपटी उचलते.

गेल्या रविवारी घणसोलीला मावशींच्या नात्यातल्या बंडूच्या मुलीची हळद होती. मावशी हळदीसाठी मांडलेल्या चौकाशी बसल्या, गावदेवीचं नाव घेतलं आणि मागून कोणीतरी गुटर्गू केलं. मुक्ताबाईंच्या नावाला सगळा मांडव हसला. नवरीसुद्धा तोंडावर हात धरून हसली. मावशींनी धवला पुरा केला. पण आता सिनेमा पुढच्या महिन्यात लागणार, म्हणजे उरलेले सगळे बघणार, आणि लग्नसराई तर नुकतीच सुरू झालीय.

मी म्हटलं, थोडे दिवस नावं मनात घ्या.

"मग तो धवला कंचा? नुसतं गानं झालं," मावशी म्हणाल्या. "मुक्ताबाईला पोर नय, बाल नय. तिचं नाव मांडवातच हाय, दुसरं कुठं नय."

सुचिताने स्टुडिओत एकदा सांगून बघितलं होतं. साउंड लॉक झाला, आता बदल नाही, एवढंच उत्तर मिळालं, आणि नोकरी नवी म्हणून ती गप्प बसली.

मी गॅस बंद केला, फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. अभिराम चांगला मुलगा वाटला. आजी, आजी करत होता. तुम्ही हिट आहात म्हणाला. मग जरा सावधपणे त्याने विचारलं, की भाषेवरून घरी काही झालंय का, तसं असेल तर टायटलमधून तुमचं नाव काढू. मावशी नको म्हणाल्या. नातीने एवढ्या हौसेने नेलं होतं, नाव राहू दे. मग मी मध्ये पडून नावांचं सांगितलं. तो म्हणाला, काकी, ती वीस सेकंदं सिनेमाचा जीव आहेत. ज्यांना ज्यांना दाखवला, ते सगळे सर्वांत जास्त तिथेच हसले.

"तेच तर सांगतंय मी," मावशी म्हणाल्या.

मावशींनी फोन उचलून तोंडासमोर धरला. आवाज चढवला नाही, उलट मांडवात नावं घेताना असतो तसा खाली आणला.

"बाला, शिव्या ठेव, गानं ठेव, शेपटीपन ठेव. देवीचं आन् मुक्ताबाईचं नाव तेवढं काढ."