रेतीवरचा चौथा

प्राणहितेच्या पात्रात उन्हाळ्यात उघडी पडणारी रेती कोणाची, हे मला आजवर कोणी धड सांगितलेलं नाही. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे आंध्र आणि हद्द म्हणे नदीच्या मधोमध. पण आमची नदी दर पावसाळ्यात कूस बदलते, मग तो मध्य कुठे धरायचा? माझ्या सासरच्यांनी या प्रश्नावर कधी डोकं शिणवलं नाही. दिवाळी झाली की डोंग्यात शेणखत भरून ते मधल्या बेटावर जायचे, रेतीत खड्डे करून टरबुजाच्या बिया लावायचे आणि चैत्रात फळं काढायचे. आमच्याकडे त्याला डांगरवाडी म्हणतात.

मी गोंडपिपरीची, मॅट्रिक पास. लग्न करून आले आणि टरबुजांना पाणी घालायला लागले. कुरकुर पुष्कळ केली, तरी ती वाडी मला आवडायची. आमची लेक तेव्हा दीड वर्षाची होती. रेतीवरचं ऊन तिला सोसायचं नाही म्हणून ती दिवसभर गावात माझ्या जावेजवळ राहायची. मी सकाळी डोंग्यातून वाडीवर जायची आणि दिवस मावळायच्या आत परत येऊन तिला पाजायची.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. जंगलातली बंदूकवाली माणसं आमच्या भागातून नदी ओलांडतात, अशी बोलवा होती. दोन्ही काठांवर पोलिसांच्या चौक्या बसल्या. बेटाच्या मालकीवरून दोन्ही सरकारांचं वाकडं होतं, पण बेटावर काय दिसतं ते वायरलेसवरून एकमेकांना रोज कळवायचं, असं मात्र त्यांनी गोडीगुलाबीनं ठरवलं. हद्द ठरेपर्यंत एकाही वर्दीवाल्यानं रेतीवर पाय ठेवायचा नाही, हेही ठरलं. आणि हद्द ठरवणार होता आकाशातून काढलेला एक फोटो. वर उपग्रह फिरतो, त्याला सगळं दिसतं, फोटो निघाला की भानगड मिटेल, असं आमच्या चौकीतला शिपाई सांगायचा. तेव्हापासून माझी सासू वाडीत वाकताना डोक्यावरचा पदर घट्ट धरायची. "वरून पाहून राह्यला मेला," म्हणायची.

एका दुपारी आमचा डोंगा शिपायांनी रेतीवर पाय न ठेवता पाण्यातूनच ओढून काठावर नेला आणि साखळीनं बांधला. बेटावर आम्ही तिघं होतो, मी, माझा नवरा आणि सासू. शिपाई काठावरून हातांचा कर्णा करून ओरडला, "चौथा कोठी हाये?"

"चौथा कोणी नाई!" नवरा ओरडला.

"तिकडून खबर हाये. चौघं हायेत म्हनते. चौथा बसत नाई, झोपत नाई, रातंदिवस उभा राहून पहारा देऊन राह्यला म्हनते!"

सासूनं कपाळावर हात मारला. पलीकडच्या जंगलातून कोल्हे टरबुजं खायला येतात, म्हणून बेटाच्या त्या उतारावर तिनं बुजगावणं उभं केलं होतं. मडक्याचं डोकं, अंगात माझ्या वारलेल्या सासऱ्यांचा सदरा. मध्ये रेतीचा उंचवटा असल्यानं ते आमच्या काठावरून दिसायचं नाही, पलीकडून मात्र लख्ख दिसायचं. नवऱ्यानं घसा बसेपर्यंत ओरडून हे सांगितलं. शिपाई माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "मले पटते भाऊ. पन वरच्याले कोन पटवन? चौथा सापडेपर्यंत कोनी पान्यात उतराचं नाई. उतरला त त्यालेच चौथा समजाचा हुकूम हाये."

त्या संध्याकाळी जाऊ लेकीला घेऊन काठावर आली. मधली धार गळ्याएवढी खोल, आणि रुंदी म्हणाल तर हाक ऐकू जाईल इतकीच. लेकीनं मला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. मग ती रडायला लागली. माझी चोळी भिजली. मी पाण्यात घोट्यापर्यंत गेले तर शिपायानं बंदूक उचलली. नेम धरला नव्हता, नुसती उचलली होती. मी मागं फिरले. त्या माणसाचा मला इतका राग आला होता की हाताशी सापडता तर बोचकारलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला वाटलं की बुजगावणं आणून शिपायाला दाखवलं की प्रश्न मिटला. मलाही तसंच वाटलं, कोणालाही वाटेल. त्यानं ते उपटलं, खांद्यावर टाकून उंचवट्याच्या अलीकडे आणलं आणि मडकं हलवून दाखवलं. शिपाई पोट धरून हसला. आम्हीही हसलो. सासू तर खाली बसून हसली. आता डोंगा सुटणार म्हणून मी हातपाय धुऊन घेतले.

दुपारी पलीकडून खबर आली की चौथा गायब झाला. त्याला उचलून महाराष्ट्राच्या बाजूला नेताना त्यांनी दुर्बिणीतून बघितलं होतं. मग आमच्या गावात घराघरात झडती झाली. जावेच्या घरातल्या कणग्या उपसल्या, माळ्यावरचं सरपण खाली फेकलं. लेक भेदरून दोन दिवस जेवली नाही, हे मला जावेनं काठावरून ओरडून सांगितलं. असली बातमी ओरडून सांगावी लागते आणि ओरडून ऐकावी लागते, याची मला आजही चीड येते. नवऱ्यानं बुजगावणं पुन्हा जागेवर नेऊन उभं केलं, तर पलीकडून कळवलं की चौथा परत आला.

आता फोटो येईल तेव्हाच सुटका. आम्ही टरबूज खाल्लं, गळाला लागले ते मासे खाल्ले, झोपडीतला तांदूळ पुरवून पुरवून खाल्ला. पिकलेली टरबुजं वेलावरच फुटायला लागली. दिवसभर मी नको तितकं आकाशाकडे बघायची. ज्याला सगळं दिसतं म्हणतात त्याला मडक्याचं डोकं कसं दिसत नाही, असं मनात यायचं. माझं दूध हळूहळू आटलं. लेक रोज संध्याकाळी काठावर यायची. जाऊ तिचा हात धरून हलवायची आणि म्हणायची, "ते पाह्य तुई माय." काही दिवसांनी ती रडेनाशी झाली आणि आपला आपणच हात हलवायला शिकली. जाऊ म्हणाली, शहाणी झाली पोर. मला मात्र ते बघवत नव्हतं.

चैत्र सरत आला तेव्हा एक साहेब डोंग्यात बसून आले, काखेत फोटोची गुंडाळी. डोंगा रेतीला टेकला तरी ते उतरले नाहीत, नियम म्हणजे नियम. बसल्या जागी त्यांनी फोटो उलगडला. सगळं जंगल लालभडक होतं.

"जंगल लाल काऊन?" सासूनं विचारलं.

"फोटोत झाडं तशी येतात," साहेब म्हणाले. लालाच्या मधून काळी, रुंद नदी गेलेली. तिच्यात बेट नव्हतंच. फोटो भर पुरातला होता.

साहेबांनी तो वरखाली फिरवून पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "इथे जमीनच नाही. जमीन नाही, तर वाद कशाचा?" असं म्हणून ते खुशाल खाली उतरले, उंचवट्यापलीकडे गेले, बुजगावण्याला हात लावून आले आणि आम्हाला जा म्हणाले.

सासू त्यांच्यापुढे उभी राहिली. "मंग साहेब, आमी इतले दिवस कायच्यावर झोपलो?"

ते फोटो गुंडाळत राहिले.

डोंगा काठाला लागायच्या आतच मी उडी मारली. जाऊ समोर उभी होती, लेक तिच्या कडेवर. मी इतकी जवळ गेले की लेकीच्या केसांतल्या तेलाचा वास आला. मी दोन्ही हात पुढे केले. तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली आणि जावेच्या खांद्याला तशीच चिकटून राहून मला हात हलवून दाखवायला लागली. "घे ना वो तिले," जाऊ म्हणाली. माझे हात पुढेच होते, आणि ती हात हलवतच राहिली.