सगळ्यांचं ‘हो’ येईपर्यंत

वासूदादा गेल्याचा फोन त्याच्या खाली राहणाऱ्या भाडेकरूने केला. “मौसीजी, जल्दी आइए. भाईसाहब सीढ़ी पर बैठे हैं, उठ नहीं रहे.” रामघाटाच्या गल्लीतलं ते घर, त्याचा तो उभाच्या उभा दगडी जिना... मी पोचले तेव्हा भिंतीला डोकं टेकून, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन तो बसला होता. दम खायला टेकला असणार. तिथून वरच्या खोलीचं दार दिसत होतं.

वासूदादा माझा चुलतभाऊ. आमच्या पणजोबांना कुणा यजमानाने रामनगरच्या बाजूला लंगडा आंब्यांची बाग दान दिली. पिढ्या वाढल्या तशी बागेवरची नावं वाढली आणि माणसं पुणे, इंदूर, पार अमेरिकेपर्यंत पांगली. बनारसमध्ये उरलो आम्ही दोघं. मी माझ्या शाळेत आणि संसारात, त्यामुळे बाग आपसूक दादाच्या गळ्यात पडली. रेल्वेच्या ऑफिसातून तो निवृत्त झाला, मागोमाग वहिनी गेली, मूलबाळ नव्हतंच. मग सकाळी बागेत आणि संध्याकाळी घरी, एवढंच त्याचं आयुष्य झालं.

आंबे उतरवले की वाटण्या व्हायच्या, त्या मात्र बघण्यासारख्या. माळी प्रत्येक घराच्या नावाने एकेक ढीग लावायचा आणि दादा ढिगांकडे पाठ करून विहिरीकडे तोंड करून उभा राहायचा. माळी एका ढिगाला हात लावून ओरडायचा, “ई केकर?” दादा न बघता सांगायचा, “पुण्याचा!” पुन्हा “ई केकर?” “इंदूरचा!” कुणाला चांगला ढीग गेला, कुणाला उणा, असं म्हणायला जागाच नको. आता, न्यायला कोणी आलेलंच नसायचं! मी एकदा म्हटलं, “दादा, भांडायला तरी कोण आहे इथे? इकडे तोंड कर आणि गोड बघून घे.” तो खरोखर रागावला. न आलेल्यांचे ढीग तो रामघाटाच्या गल्लीत वाटायचा, तेही ज्याच्या त्याच्या नावाने. “हे पुण्याच्या अरुणकडून.” गल्लीतल्या बायका अजून मला विचारतात, अरुण भैया कैसे हैं? अरुणला त्यातली एकही ठाऊक नाही.

गुडघे गेले तसा दादाला जिना झेपेना. बागेत जमिनीलगत एक खोली बांधावी आणि तिथेच राहावं, असं त्याच्या मनाने घेतलं. खर्च त्याचाच. पण जमीन सामाईक, तेव्हा विचारल्याशिवाय वीट ठेवायची नाही. माझं हो तर त्याने विचारायच्या आधीच होतं. “अरे, बांधून टाक ना! कोण येतंय बघायला?” मी चिडायची.

“असं कसं, शालू? सगळ्यांची जमीन आहे. सगळ्यांचं हो येऊ दे, लगेच मिस्त्री बोलावतो.”

नाही कुणीच म्हटलं नाही. तोंडावर नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धतच नाही. अरुण म्हणाला, इंदूरवाले हो म्हणाले की माझं हो धर. इंदूरवाले म्हणाले, अमेरिकेत सुधाला विचार, तिची हरकत नसली तर आमची कसली? सुधा म्हणाली, अरुण मोठा आहे, तो म्हणेल तसं. की दादा पुन्हा अरुणला फोन लावायचा... अशी वर्षं गेली. विहिरीजवळची जागा त्याने मोकळी ठेवली होती, तिथे एक रोप लावू द्यायचा नाही. मी गेले की हाताने हवेत दाखवायचा. “इथे दरवाजा. इथे माझी खाट. इथे तुझी. तू येत जाशील ना?”

आता या शहरात माझ्यावर मराठीत रागावणारं कोणी नाही. घरात नातवंडं हिंदीच बोलतात, तीही मोबाइलमधून मान वर न करता. मी कधीतरी उगाच बागेत जाऊन बसते. दादाची आठवण येते, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांचा राग येतो.

गेल्या आठवड्यात तशीच त्या मोकळ्या जागेत माळ्याच्या खाटेवर बसले होते, तर अरुणचा फोन आला. त्याच जागी दादाच्या नावाचा संगमरवरी चबुतरा बांधायचा त्याने घाट घातला होता. सकाळी सगळ्यांना विचारलं आणि संध्याकाळच्या आत सगळ्यांची उत्तरंही आली. सुधा तर खर्च वाटून घेऊ म्हणाली.

“शालू, सगळ्यांचं हो आलं बघ,” तो म्हणाला. “तुझंच तेवढं राहिलंय.”

“माझं नाही आहे.”

त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. “अगं, आपल्या वासूदादासाठी!”

“त्याने खोली मागितली होती, अरुण.”

तो हळूच म्हणाला, “मग आता आम्ही काय थांबायचं?”

“थांबा,” मी म्हटलं. “तो थांबलाच होता की.”