दोघींची कादंबरी आणि चौदावं प्रकरण

माघातल्या दुपारी सेलूच्या जिनिंगमध्ये ऊन कापसाच्या ढिगांवर उतरतं, तेव्हा सरकीचा तेलकट, उबदार वास आवारभर पसरतो आणि हवेतले तंतू इतके संथ तरंगतात की काळच पिंजून निघाल्यासारखा वाटतो. इथे मी कापसाची प्रत ठरवतो. वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा असतो, म्हणून ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा, पुंजका चिमटीत ओढायचा आणि बोटं सांगतील ते बोलायचं. माझी बोटं एवढी तरबेज, की धाग्यावरून मी शेत ओळखतो, शेतावरून बैल आणि बैलावरून त्याच्या मालकिणीचा स्वभाव. एकदा मी ढिगासमोर नुसता शिंकलो, तर मानवतपर्यंत भाव पडला होता. खोटं वाटत असेल तर मानवतला जाऊन विचारा. तिथले लोक माझ्याहून थापाडे आहेत.

अशा माणसाच्या हाती माझी भाची अश्विनी आणि तिची मैत्रीण शबाना यांनी आपली छापील कादंबरी ठेवली. लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या एका मुलीची आणि एका मुलाची गोष्ट. मुलीची प्रकरणं अश्विनीची, मुलाची शबानाची. आता प्रकाशकाला दुसरं पुस्तक हवं होतं, आणि ते पुन्हा दोघींनी लिहायचं की अश्विनीनं एकटीनं, यावरून दोघींत धुसफूस चालली होती. निवाडा माझ्याकडे आला.

"मामा, फुगवू नका," अश्विनीनं बजावलं.

"अन् माझ्यावर दया बी करू नका," शबाना म्हणाली.

तीन दुपारी मी ती वाचली. बरी होती. वाईट असती तर मी गंगाखेडपर्यंत ऐकू जाईल असा हसलो असतो, उत्तम असती तर गोदावरीला अवेळी पूर आणला असता; पण ती बरी होती, आणि बऱ्या गोष्टीपुढे माझ्यासारखा माणूस निःशस्त्र होतो. पात्रं पानोपानी आपलं दुःख उलगडून दाखवीत होती, जणू कुणी त्यांची झडतीच घेणार होतं. एका प्रकरणात रुसलेला मुलगा पुढच्या प्रकरणात रुसवा विसरून जाई. दोन हातांची शिवण तिथे उघडी पडे.

चौदाव्या प्रकरणात त्या मुलीची आई जाते. अश्विनीची आई, माझी ताई, जाऊन दोन हिवाळे झाले. म्हणून त्या पानाशी मी बिचकत पोचलो. दवाखान्याच्या फिकट हिरव्या भिंती, सलाईन, कॉरिडॉरमधल्या चपला, सगळं जागच्या जागी होतं. मी पान उलटलं. आत कुठेही काही हललं नाही. चहा निवला होता, तो तसाच पिऊन टाकला.

चौथ्या दुपारी दोघी आल्या. मी निकाल दिला: मुलीची प्रकरणं सरस, मुलाची थोडी हलकी. "फक्त चौदावं कोरडं झालंय, अश्विनी. आईचं होतं ना ते? तिथं तरी जीव ओतायचा."

अश्विनीनं पुस्तक माझ्यापुढून ओढून घेतलं. "ते मी नाही लिहिलं, मामा. मला लिहिताच येईना. शबानानं लिहिलं."

"हिनं काही सांगितलंच न्हाई," शबाना म्हणाली. "किती विचारलं, तर भिंतीचा रंग तेवढा सांगितला. तेवढ्यावर लिहिलं. हलकं तर हलकं. पुढच्या पुस्तकातून मी होते बाजूला."

ती पर्स उचलून उठली. भाचीनं तिला थांबवलं नाही, माझ्याकडे पाहिलं. ताईच्या जाण्याबद्दल तिच्या घरात मीही कधी अवाक्षर काढलं नव्हतं. दोन वर्षं आम्ही मामा-भाची एकमेकांना भिंतीचा रंगच सांगत आलो होतो, आणि त्या एका रंगावर या परक्या पोरीनं अख्खं प्रकरण उभं केलं होतं. मी त्याला कोरडं म्हणालो. पण बोटंच बधिर झाली असतील, तर दोष धाग्याला कसा द्यायचा?

"बस, शबाना," मी म्हणालो. "वही हाय का? लिही. त्या सकाळी ताईनं मला फोन केला होता. मी इथं वजनकाट्यावर भांडत होतो. उचलला नाही."

शबाना बसली. अश्विनीनं तिच्यासाठी वही उघडून धरली. आता रडू येईल म्हणून मी थांबलो. ते आलं नाही. पुढचं वाक्य मात्र आलं.